अभ्यासिकेत मुली का येईनात? पुण्यातल्या एका वस्तीतलं प्रकरण

दक्षिण पुण्यात टेकडीच्या उतारावर एक वस्ती आहे, नाव मुद्दाम देत नाहीये कारण माणसं ओळखू येतील. तिथल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये एका संस्थेने एका कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या पैशातून अभ्यासिका सुरू केली. टेबलं, पंखे, इन्व्हर्टर, वायफाय, नववी-दहावीची गाइडं, पोलीस भरती आणि एमपीएससीची पुस्तकं, सगळं नीट. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं, त्यात टीव्ही चालू, त्यामुळे गरज होती यात वादच नाही. मुलं यायला लागली. मुली सुरुवातीचे काही आठवडे आल्या आणि मग एकेक करत बंद झाल्या.

संस्थेने आम्हाला बोलावलं ते काम ठरवूनच. पालकांमध्ये मुलींच्या शिक्षणाबद्दल जागृती नाही, तर तुम्ही जागृती मोहीम आखून द्या, पथनाट्य, पोस्टर, आयांचे मेळावे, आणि मोहिमेच्या आधी आणि नंतर सर्व्हे करून मानसिकता किती बदलली ते आकड्यात दाखवा.

मी सामाजिक मानसशास्त्रात एमए केलंय आणि आता वस्ती पातळीवर काम करणाऱ्या संस्थांना संशोधनाची मदत करते. अशा प्रकारची मागणी वरचेवर येते आणि त्यात नेहमी एक गोष्ट आधीच धरून चाललेली असते, की लोकांना पटलेलं नाही म्हणून लोक करत नाहीत. पटणं आणि करणं यांच्यात किती अंतर असतं यावर मानसशास्त्रात ढीगभर काम झालंय. मी संस्थेच्या प्रकल्प समन्वयक ताईंना एक जुना प्रयोग सांगितला, १९६५ मधला, अमेरिकेत येल विद्यापीठात लेव्हेंथाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची भीती घालणारी माहितीपत्रकं दिली, वाचून ते घाबरले, इंजेक्शन घेणं महत्त्वाचं आहे असंही म्हणाले, पण प्रत्यक्ष जाऊन घेतलं फक्त ३ टक्क्यांनी. दुसऱ्या गटाला तेच पत्रक दिलं आणि सोबत आरोग्य केंद्राची खूण केलेला कॅम्पसचा नकाशा दिला, तुमच्या आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जमेल ते बघा म्हणून सांगितलं, तर २८ टक्के गेले. केंद्र कुठे आहे हे बहुतेकांना आधीच माहीत होतं हे विशेष. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या ठीक आहे, आधी घोडं नेमकं कुठे अडलंय ते बघा, मोहिमेचं नंतर ठरवू. अशी मोकळीक देणारी माणसं कमी भेटतात, आणि या कामाचं निम्मं श्रेय मी त्यांना देईन.

आता फील्डवर काय केलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण मानसशास्त्र शिकलेल्या माणसाचा वस्तीत खरा उपयोग कुठे होतो तर तो प्रश्न कसा विचारायचा यात होतो.

पहिली अडचण म्हणजे पुण्यातल्या कुठल्याही वस्तीत वही-पेन घेऊन शिरलात की दारातूनच विचारतात, 'एसआरएचा सर्व्हे आहे का?' एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन, आणि त्या सर्व्हेत घर पात्र ठरतंय का अपात्र याची भीती इतकी खोल बसलीय की त्यानंतर माणूस जे सांगतो ते जपून, हातचं राखूनच सांगतो. म्हणून फॉर्म नाही, घर नंबर नाही, फोटो नाही असं ठरवलं. वस्तीतल्याच दोन मुलींना मुलाखती घ्यायला शिकवलं, पण त्यांना स्वतःच्या गल्लीत पाठवलं नाही, दोघींनी एकमेकींच्या गल्ल्या केल्या, कारण शेजारच्या मुलीला कोण खरं सांगणार, उद्या तिच्याच आईबरोबर नळावर उभं राहायचंय. अठरा वर्षांखालच्या मुलींशी बोलायला पालकांची परवानगी घेतलीच, शिवाय मुलीला वेगळं विचारलं की तुला बोलायचंय का, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांना परत विचारलं नाही.

दुसरी अडचण जास्त अवघड. 'मुलींनी शिकावं असं वाटतं का?' असं विचारलं की एकच उत्तर येतं, 'हो हो ताई, शिकलंच पाहिजे, आमचं नाही झालं तर निदान त्यांचं तरी होऊ दे.' समोरच्याला बरं वाटेल ते बोलण्याकडे माणसाचा कल असतो, क्राउन आणि मार्लो यांनी १९६० मध्ये त्याचं मोजमाप करायची प्रश्नावलीसुद्धा बनवली. त्यात सासूबाई शेजारी बसलेल्या, उत्तर त्याच देतात, सून मान हलवते. याच प्रश्नावर संस्थेला आधी-नंतरचा सर्व्हे हवा होता. मोहिमेच्या आधीच सगळे हो म्हणतायत तर नंतर वाढणार काय, आकडा छताला टेकलेलाच आहे.

मग आम्ही मत विचारणं सोडलं आणि कालच्या दिवसाबद्दल विचारायला लागलो. काल संध्याकाळी सहापासून झोपेपर्यंत तुमची मुलगी कुठे कुठे होती, काय काय केलं, क्रमाने सांगा. यावर सासूबाईंचंही काही म्हणणं नसतं, उलट त्या विसरलेलं आठवून देतात. आणि इथे पहिला धागा हाती आला. या वस्तीच्या वरच्या भागात पाणी साधारण साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान येतं, आई त्या वेळेला कामावरून बसने परत येत असते, त्यामुळे पाणी भरणारी मुलगी. आणि अभ्यासिकेत मुलींची वेळ ठेवली होती सहा ते आठ. वेळ ठरवणाऱ्यांनी चांगल्या मनानेच ठरवली होती, फार रात्र व्हायच्या आत मुली घरी जाव्यात म्हणून, फक्त मुलींना विचारलं नव्हतं.

पण पाणी हे पुरेसं कारण नव्हतं, कारण खालच्या गल्ल्यांमध्ये पाणी सकाळी येतं आणि तिथल्या मुलीही येत नव्हत्याच. संशोधनाची सवय असली की अशी विसंगती तशीच सोडून देववत नाही. एक कारण सापडलं की तिथेच थांबावंसं वाटतं, रिपोर्ट लिहून मोकळं व्हावं वाटतं, पण जिथे ते कारण नाहीच तिथेही परिणाम तोच दिसत असेल तर अजून कुठेतरी पाणी मुरतंय.

मुलाखती उतरवून काढल्यावर मी आणि माझ्या सहकाऱ्याने त्या वेगवेगळ्या वाचल्या, आपापल्या खुणा केल्या आणि मग ताडून पाहिल्या. एक वाक्य दोघांनीही जागोजागी अधोरेखित केलं होतं, 'लोक बोलतील.' हे आपल्याकडे इतकं सवयीचं वाक्य आहे की कान त्यावरून घसरून जातो. आम्ही परत त्याच घरांत गेलो आणि नेमकं विचारलं, कोण बोलतं? शेवटचं कधी, कुणाबद्दल बोलले? घडलेला प्रसंग तपशिलात विचारायची ही रीत जुनी आहे, फ्लॅनगनने १९५४ मध्ये मांडलेली. आणि झालं असं की कुणालाच प्रसंग सांगता येईना. अभ्यासिकेत गेली म्हणून अमक्याच्या मुलीला नाव ठेवलं असं एकही उदाहरण निघालं नाही. एक काकू विचार करून म्हणाल्या, 'बोलतात असं नाय हो, पण बोलतील ना.'

या ठिकाणी माझ्या डोक्यात ते जुनं चित्र उभं राहिलं ज्याला प्लुरलिस्टिक इग्नरन्स म्हणतात. प्रत्येकाचं खाजगी मत एक, पण बाकीच्यांचं मत वेगळं असेल असं प्रत्येकजण धरून चालतो आणि त्या धरलेल्या मताप्रमाणे वागतो, मग सगळ्यांचं वागणं बघून तो समज आणखी पक्का होतो. १९९३ मध्ये प्रेंटिस आणि मिलर यांनी प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांमध्ये दारूच्या बाबतीत हे दाखवलं. आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळचं काम सौदी अरेबियातलं, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेलं, बुर्स्टिन आणि सहकाऱ्यांचं. रियाधमधल्या बहुतेक तरुण विवाहित पुरुषांना बायकांनी घराबाहेर नोकरी करायला हरकत नव्हती, पण आपल्यासारख्याच बाकीच्या पुरुषांना हरकत असेल असं त्यांना वाटत होतं. खरा आकडा सांगितल्यावर जास्त नवऱ्यांनी बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवलं.

आपल्या वस्तीत असंच असेल हा अजून फक्त अंदाज होता. मुलाखतींत प्रत्येकीला दोन प्रश्न जोडीने विचारले होते, तुम्हाला स्वतःला काय वाटतं आणि तुमच्या गल्लीतल्या बाकीच्या बायकांना काय वाटत असेल, आणि दोन्ही उत्तरांत फरक दिसत होता. पण स्वतःबद्दलचं 'हो' तोंडदेखलं आहे का खरं, हे समोरासमोर कळणार नाही, त्यासाठी गुप्त मतदानच हवं. चिठ्ठ्या चालणार नाहीत कारण सगळ्यांना लिहिता येत नाही आणि अक्षर ओळखू येतं.

बचत गटाच्या खजिनदार मावशींनी यावर तोडगा काढला. श्रीखंडाचे दोन रिकामे डबे, झाकणाला सुरीने चीर पाडलेली, आणि प्रत्येकीच्या हातात थोडे हरभरे आणि थोडे वाटाणे. आधी त्या हरभरा आणि तांदूळ म्हणत होत्या, मग स्वतःच म्हणाल्या नको, तांदळाचा आवाज वेगळा येतो, डब्यात पडला की कळेल. हरभरा आणि वाटाणा साधारण सारखेच वाजतात. डबे आतल्या खोलीत ठेवले, एकेकीने मूठ झाकून आत जायचं, दोन्ही डब्यांत एकेक दाणा टाकायचा, उरलेले पिशवीत टाकून बाहेर यायचं. पहिल्या डब्याचा प्रश्न, आपल्या घरातली मुलगी संध्याकाळी अभ्यासिकेत गेली तर तुम्हाला स्वतःला चालेल का? चालेल तर हरभरा, नाही तर वाटाणा. दुसऱ्या डब्याचा प्रश्न, आपल्या गल्लीतल्या बहुतेक बायकांना हे चालेल असं तुम्हाला वाटतं का?

इथे एक धोका असतो तो सांगते, कारण ही पद्धत कुणी उचलणार असेल तर हे माहीत असायला हवं. बहुतेकांचं मत किंवा वागणं उघड करून सांगितलं की माणसं त्याकडे सरकतात, पण दोन्ही बाजूंनी सरकतात. शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात घरांना शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवला, तर जास्त वापरणाऱ्यांनी कमी केला आणि आधीपासून कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. समजा पहिल्या डब्यात वाटाणेच जास्त निघाले असते तर आम्ही चारचौघींसमोर विरोधालाच बळ दिलं असतं. म्हणून मुलाखतींवरून बऱ्यापैकी खात्री झाल्यावरच हे केलं, आणि बायकांना आधीच सांगून ठेवलं की जे निघेल ते तुमच्यासमोरच ओतणार, लपवणार नाही. लोकांचीच माहिती त्यांच्यापासून लपवून आपल्याला सोयीची तेवढी दाखवायची हे मला मान्य नाही, भले मग काम फसलं तरी.

दसऱ्यानंतरच्या बचत गटाच्या मीटिंगमध्ये हे झालं. पहिला डबा ताटात ओतला, हरभरेच हरभरे, मधे कुठेतरी थोडे वाटाणे. दुसरा डबा दुसऱ्या ताटात ओतला आणि त्यात वाटाण्यांचाच ढीग. मावशींनी दोन्ही ताटं शेजारी शेजारी ठेवली. क्षणभर कुणाला कळेना, मग एकीने दुसरीला विचारलं, 'अगं मग तू का नाही पाठवत सोनीला?' ती म्हणाली, 'तू नाही पाठवत म्हणून!' आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, त्यात आम्ही मध्ये पडलो नाही. त्या गोंधळातून त्यांनीच ठरवलं की एकेकटीने पाठवायचं नाही, गल्लीतल्या तिघी-चौघींनी मिळून पाठवायच्या.

मला हे दृश्य फार मोलाचं वाटतं, तरी त्याच्या मर्यादाही रिपोर्टमध्ये लिहिल्या. बचत गटात येणाऱ्या बायका म्हणजे घराबाहेर पडणाऱ्या बायका, सगळ्या वस्तीचा आवाज नव्हे. मुलींचे वडील त्यात नव्हते. माझ्या सहकाऱ्याने रविवारी रिक्षा स्टँडवर आणि कट्ट्यावर बसून त्यांच्याशी गप्पा मारल्या, बहुतेकांचं म्हणणं 'तिच्या आईला विचारा' एवढंच होतं, पण मोठ्या भावांपैकी काहींचा ठाम विरोध होता आणि त्यावर आमच्याकडे हरभऱ्यांचं उत्तर नव्हतं.

मुलींचं ऐकल्यावर मात्र चित्र आणखी बदललं. त्यांना चार्ट पेपर दिला, घरापासून अभ्यासिकेपर्यंतचा रस्ता काढा आणि जिथे नको वाटतं तिथे लाल खूण करा. लाल खुणा तीन जागी जमा झाल्या. पायऱ्यांच्या वळणावरचा अंधार, हॉलमधलं बंद संडास, आणि समाजमंदिराच्या दारासमोरचा गणपती मंडळाचा कट्टा. कट्ट्यावर संध्याकाळी पोरं कॅरम खेळत बसलेली असतात. मला वाटलं टोमणे मारत असतील, तसं विचारलंही, तर एक नववीतली मुलगी म्हणाली, 'काही बोलत नाहीत ताई, गप्प होतात. आम्ही आत जाईपर्यंत.' या एका वाक्यावर मी बराच वेळ विचार केला. यात तक्रार कुणाविरुद्ध करणार? छेड काढली असं म्हणता येत नाही, आणि तरी रोज त्या शांततेतून चालत जायचं म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीला किती जड जात असेल. सर्व्हेच्या फॉर्ममध्ये 'त्रास होतो का, हो किंवा नाही' असा रकाना असता तर तिने 'नाही'वर टिक केली असती.

मंडळाच्या पोरांशी सहकाऱ्यानेच बोलणी केली, आरोप न करता. त्यांच्या बहिणीही अभ्यासिकेत येत नव्हत्या, हे त्यांच्याच तोंडून निघालं. समाजमंदिराला मागच्या बाजूने एक दार आहे, ते मांडवाचे बांबू, ढोल आणि सजावटीच्या सामानाने अडलेलं होतं. पोरांनी एका रविवारी सगळं काढून वरच्या माळ्यावर टाकलं आणि मागचं दार मुलींसाठी मोकळं केलं. संडासाची किल्ली माजी नगरसेवकांच्या कार्यकर्त्याकडे होती, ती मिळवायला बचत गटाच्या बायका स्वतः गेल्या, आम्ही जायची गरज पडली नाही. वळणावरच्या दिव्यासाठी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला, आणि तो मार्गी लागेपर्यंत कोपऱ्यावरच्या आजींनी आपल्या दारावर बल्ब लावला, वाढीव बिल संस्थेने द्यायचं ठरलं. मुलींची वेळ साडेसात ते साडेनऊ केली आणि घरी सोडायला वस्तीतल्याच एका मावशींना मानधनावर नेमलं.

राहिला रिपोर्ट. संस्थेला तो कंपनीला दाखवायचा होता आणि कंपनीच्या सीएसआर विभागाला पथनाट्यं किती, मेळावे किती, लाभार्थी किती असे रकाने भरायचे होते. २०२१ च्या नियमांनी मोठ्या सीएसआर प्रकल्पांना इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे कामाचा परिणाम काय झाला याची तपासणी, सक्तीचं केलंय, सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर असणाऱ्या कंपन्यांनी १ कोटी किंवा त्यापुढच्या प्रकल्पांचं करायचं असतं. आमचा प्रकल्प त्याच्या जवळपासही नव्हता, पण आकड्यांची अपेक्षा छोट्या कामापर्यंत झिरपतेच. आम्ही जागृतीचा बहुतेक खर्च मावशींचं मानधन, दिवा आणि संडासाची दुरुस्ती यावर वळवायला सांगितलं आणि प्रत्येक बदलापुढे तो कुणाच्या बोलण्यातून आला ते लिहिलं. कंपनीच्या अधिकाऱ्यांचा प्रश्न होता, 'मग मानसिकता बदलली हे कुठे दिसणार?' मी म्हटलं, हजेरीच्या वहीत बघा. एक पथनाट्य शेवटी ठेवावं लागलं, पण ते मुलींनीच लिहिलं आणि मंडळाच्या पोरांनी त्यात काम केलं.

हजेरीचं काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण इथे फुशारकी मारायचा मोह होतो. जानेवारीनंतर बोर्डाची परीक्षा जवळ आली की कुठलीही अभ्यासिका भरतेच, ती वाढ आपली म्हणून दाखवणं खोटं ठरेल. तुलनेला दुसरी वस्ती नव्हती, म्हणून त्याच हॉलमधल्या मुलांची हजेरी तुलनेला घेतली, परीक्षेचा परिणाम दोघांवर सारखाच होणार. मुलांची हजेरी दिवाळीनंतर होती तशीच राहिली आणि जानेवारीत वाढली. मुलींची दिवाळीची सुट्टी संपल्या संपल्या वाढायला लागली आणि जानेवारीत आणखी वाढली. नेमकं कशामुळे, दोन ताटांमुळे का मागच्या दारामुळे का वेळ बदलल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही, सगळं एकाच महिन्यात झालं. संस्थेला तसंच लिहून दिलं.

आईबरोबर संध्याकाळच्या धुण्याभांड्याच्या कामाला जाणाऱ्या मुली अजूनही येत नाहीत. त्यांच्यासाठी सकाळी शाळेआधीची वेळ चालेल का ते आता विचारतोय, पण हॉल सकाळी बालवाडीला दिलेला आहे. आणि जुलैपासून ढोलपथकाचा सराव समाजमंदिरासमोरच होणार, त्या दोन महिन्यांत अभ्यासिका कुठे चालवायची यावर मंडळ, बचत गट आणि मुली अशी तिघांची बैठक ठरलीय. या खेपेला वेळ आणि जागा मुली आधी सुचवणार, मग बाकीचे बोलणार, असं खजिनदार मावशींनी सगळ्यांना बजावून ठेवलंय.